जरा अलीकडचा फोटो द्या

कुठल्याही सरकारी अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन असतो. 'अर्जदाराचे अलीकडील छायाचित्र येथे चिकटवावे' असं त्यात बारीक टायपात छापलेलं असतं. बाकीचा अर्ज माणूस झपाझप भरतो. वडिलांचं नाव, पत्ता, जात, वार्षिक उत्पन्न (हे जरा विचार करून), सगळं होतं. चौकोनापाशी गाडी अडते. घरात फोटो असतात, अलीकडचे नसतात. पाकिटाच्या चोरकप्प्यात सापडतो तो मागच्या कुठल्यातरी अर्जासाठी काढलेल्या आठ प्रतींतला उरलेला, आणि त्यातल्या गृहस्थाला अजून केस असतात. "चालतंय, कोण बघतंय," म्हणून आपण तोच डकवतो. अर्ज मंजूरही होतो. दाखला मिळतो फोटोतल्या माणसाला आणि तो घ्यायला खिडकीशी भलताच कुणीतरी उभा असतो. खिडकीआडच्या साहेबांना त्यात काही वावगं दिसत नाही, कारण त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही भलताच कुणीतरी असतो.

फोटोत सापडतो तो चालू क्षण की होऊन गेलेला, यावर परदेशात विद्वानांनी जाडजूड लिहून ठेवलंय. आमच्याकडे हा वाद संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर चालतो आणि त्याला दोनच पक्ष आहेत. एक, कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे सर. दुसरे, एसटी स्टँडसमोर उभी हयात फोटो स्टुडिओ चालवलेले काका. बाकी आम्ही सगळे शेंगदाणे खाणारे.

"काका, तुम्ही आयुष्यभर शिळा माल विकलात," सर सुरुवात करतात. "प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण एक फूट जातो. गिऱ्हाईक दहा फुटांवर बसलंय. त्याच्या नाकावरून निघालेला उजेड तुमच्या भिंगाशी पोचायला दहा नॅनोसेकंद गेले. तेवढ्यात गिऱ्हाईक पुढं सरकलं. तुमच्या हाती आलं ते मागचं."

सरांचं गणित चोख आहे. लग्नातल्या ग्रुप फोटोला लावून पाहिलं की त्याची गंमत कळते. पुढं खुर्च्यांवर वरमाई आणि विहीणबाई बसलेल्या, आणि त्यांच्यामागं सहा फुटांवर बाकड्यावर चढवलेली चुलत-मावस पोरं. म्हणजे एकाच फोटोत विहीणबाईंपेक्षा मागच्या रांगेतला मामेभाऊ सहा नॅनोसेकंदांनी जुना. कार्यात आम्हाला कायम मागं ठेवतात ही त्या रांगेची पिढीजात तक्रार असते, तिला आता शास्त्राचा आधार मिळाला. कोजागरीला गच्चीवर मसाला दुधाचे पेले उंचावून काढलेल्या फोटोत तर काळाचा नुसता गोंधळ असतो. आपण आत्ताचे, डोक्यावरचा चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा, आणि एखादी चांदणी चुकून उमटलीच तर ती शिवाजी महाराजांच्या काळातली असू शकते. २०२२ च्या जुलैत जेम्स वेब दुर्बिणीचा पहिला रंगीत फोटो जगाला दाखवला, त्यातल्या दीर्घिकांच्या पुंजक्यातून उजेड निघाला होता सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीचीही धड जमवाजमव झालेली नव्हती. आपण मात्र तो ताजी बातमी म्हणून चहाबरोबर पाहिला.

यावर काकांचं उत्तर ठरलेलं असतं. "सर, तुमचे नॅनोसेकंद तुमच्यापाशी. मला गिऱ्हाइकाचे दोनच काळ ठाऊक. डोळे मिटायच्या आधीचा आणि मिटल्यानंतरचा."

काकांचा स्टुडिओ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बाहेरच्या खोलीत आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा (मोकळा ठेवला तर तो खिशात जातो), शेजारी पावडरीचा डबा आणि एक पफ, ज्यावर तालुक्याच्या सगळ्या चेहऱ्यांचा समान हक्क होता. खुंटीला काळा कोट आणि गाठ मारूनच ठेवलेला टाय. तो कोट फक्त पुढून कोट होता. पाठीमागची शिवण उसवून तिथं पिना लावायची सोय केली होती, म्हणजे पैलवानालाही बसावा आणि पाप्याच्या पितरालाही. आमच्या भागातल्या निम्म्या पदवीधरांनी पदवी वेगवेगळी घेतली, कोट तोच घातला. आत गेलं की रंगवलेला पडदा. त्यावर संगमरवरी जिना, तळं आणि तळ्यात एक हंस. हंसाची मान काकांच्या वडिलांच्या काळात थोडी फाटली होती, म्हणून गिऱ्हाइकाला नेमकं तिथंच उभं करायचं.

मग काका काळ्या फडक्याखाली जायचे आणि फडक्यातून आवाज यायचा. "हनुवटी खाली. एवढी नाही. डावा खांदा सोडा. बघा इकडं. हलू नका. श्वास धरा. रेडी!"

आता विचार करा. अंगात आपला नसलेला कोट, मागं आपल्या गावात नसलेला जिना, शेजारी हंस, श्वास बंद. या अवस्थेत तो माणूस याआधी कधी नव्हता आणि यानंतर कधी होणार नाही. हा भूतकाळ म्हणावा तर असं काही घडलेलं नाही, आणि वर्तमानकाळ म्हणावा तर वर्तमानात माणूस निदान श्वास तरी घेतो.

पुढचा कारभार डार्करूममध्ये. लाल दिवा, एका तबकात डेव्हलपर, एकात पाणी, एकात हायपो. चिमट्यानं धरलेला पांढरा कागद डेव्हलपरमध्ये हलवत राहायचा. हळूहळू त्यावर माणूस उगवतो, पण त्याला क्रम असतो. काळं असेल ते आधी येतं. आधी केस, मग भुवया, मग कोट. चेहरा सगळ्यात शेवटी. काका म्हणायचे, "आमच्याकडं माणसाच्या आधी कोट हजर होतो." त्याआधी निगेटिव्ह काचेवर धरून टोकदार पेन्सिलीनं देवीचे वण बुजवायचे, गालाचे खळगे भरायचे. कुणाचे डोळे मिटलेले आले तर तयार फोटोवर बारीक ब्रशनं डोळे उघडून द्यायचे. त्याचा दर वेगळा. पाटीवर खाली लिहिलेलंच होतं, 'जुन्या फोटोवरून नवा फोटो काढून मिळेल.' एवढं सगळं झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं, "गुरुवारी या."

या 'गुरुवारी या'मध्ये सगळं होतं. आपण कसे दिसतो हे कळायला थांबावं लागायचं. घरातल्या रोलची तर आणखीच तऱ्हा. आग्फा क्लिक-३ मध्ये बारा फोटो यायचे, पुढं पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस आले, पण छत्तीस संपेपर्यंत रोल धुवायला टाकायचा नाही हा घरोघरचा कायदा. गणपतीत घातलेला रोल मे महिन्यात बाहेर निघायचा. त्यात पहिल्यांदा बाप्पा, मग दिवाळीचा किल्ला, मग कुणाची तरी मुंज, आणि शेवटच्या चार फ्रेम 'रोल संपवायचाय' म्हणून काढलेल्या: गॅलरीतली कुंडी, शेजारचं मांजर, पेपर वाचणारे बाबा. गणपतीचे फोटो पुढं सगळे एकसारखे दिसू लागले. आज घरात कुणी अल्बम उघडला तर हात थांबतो तो पेपर वाचणाऱ्या बाबांवर.

क्षण क्षण म्हणतात तो फोटोच्या हिशेबात केवढा असतो, हेही एकदा मोजून घ्यावं. काकांचा नेहमीचा शटरचा वेग एक साठांश सेकंद. छत्तीस फोटोंचा रोल म्हणजे छत्तीस साठांश. अख्खं लग्न, सीमांतपूजनापासून विहीणबाईंच्या डोळ्यांतल्या पाण्यापर्यंत, सगळं मिळून पाऊण सेकंदाच्या आत. एखाद्याचे जन्मभरात हजार फोटो निघाले असतील तर आयुष्याचे सतरा सेकंद नोंदले गेले. आणि त्या सतरा सेकंदांतही तो सरळ बसलेला, केस विंचरलेला आणि श्वास धरलेला. पाहुणे अल्बम चाळून म्हणतात, "छान आयुष्य काढलं हो यांनी."

सुरुवातीला मात्र क्षण असे पातळ नव्हते. जगातला सगळ्यात जुना टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो फ्रान्समधल्या निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून काढला. त्यासाठी कॅमेरा निदान आठ तास उघडा ठेवावा लागला, काही अभ्यासक तर कित्येक दिवस म्हणतात. तेवढ्यात सूर्य इकडचा तिकडं गेला, त्यामुळं फोटोतल्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलंय. हा फोटो सकाळचा की संध्याकाळचा असं विचारलं तर 'हो' एवढंच उत्तर देता येतं.

त्यानंतर १८३८ मध्ये डागेरनं पॅरिसमधला एक रस्ता टिपला. भर वर्दळीचा रस्ता, घोडागाड्या, माणसं, फेरीवाले. पण काचेतून उजेड काही मिनिटं आत घ्यावा लागत होता, आणि चालणारं कुणीही तेवढा वेळ एका जागी थांबत नाही. सगळी वर्दळ पुसली गेली. रस्ता कर्फ्यू लागल्यासारखा सुनसान. उरला फक्त कोपऱ्यात एक माणूस, जो एक पाय पुढं टाकून बूट पॉलिश करून घेत होता. फोटोत आलेला तोच पहिला माणूस असं मानतात. ज्यांना कामधंदा होता ते सगळे गेले आणि जो निवांत उभा राहिला तो इतिहासात राहिला. हा किस्सा आमच्या कट्ट्याला इतका पसंत पडला की त्या दिवशी कुणी साडेआठपर्यंत उठलंच नाही.

आपल्याकडंही ही कला लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती. पण गावोगावच्या लोकांचा या कलेवर विश्वास बसायला वेळ लागला. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी गोध्र्यात स्टुडिओ चालवत होते, तेव्हा कॅमेरा माणसाचं आयुष्य ओढून घेतो अशा समजुतीनं गिऱ्हाईक फिरकत नसे. पुढं याच गृहस्थांनी सिनेमाला भांडवल मिळवायचं म्हणून कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर मांडला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोपाची वाढ टिपून ती मिनिटाभरात दाखवली. निएप्सनं दिवस एका फोटोत कोंबला, फाळक्यांनी महिना मिनिटात बसवला. भांडवलदार खूश झाला. वाटाण्याला कुणी विचारलं नाही.

आता मोबाइल आल्यावर चालू क्षण की होऊन गेलेला, हा प्रश्न सुटला असेल असं वाटत होतं. बटण दाबलं की फोटो हजर, गुरुवारपर्यंत थांबायला नको. पण माझ्या पुतण्यानं सांगितलं ते ऐकून सरही गप्प झाले. म्हणाला, "काका, तुम्ही कॅमेरा उघडलात ना, की फोन तेव्हापासूनच फोटो घेत असतो. घ्यायचा, साठवायचा, जुना टाकून द्यायचा. तुम्ही बटण दाबलंत की त्यातलाच एखादा उचलून तुम्हाला देतो. कधीकधी बटण दाबायच्या आधीचा." आणि तो 'खटॅक' आवाज? तो नुसता वाजवायचा म्हणून. आत काही खटॅक होत नाही. म्हणजे आपण "रेडी, वन, टू..." म्हणतोय, सगळे पोट आत घेतायत, आणि फोनचं काम कधीच उरकलेलं आहे. ग्रुप फोटोत कुणाची ना कुणाची मान वळलेली का असते याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ नावाचा फोन काढला, त्यात तर याहून वरची सोय आहे. एकापाठोपाठ काढलेल्या चार-पाच फोटोंतून ज्याचा जो चेहरा बरा असेल तो उचलायचा आणि सगळे बरे चेहरे एकाच फोटोत बसवायचे. आत्याचा पहिल्या फोटोतला, काकांचा तिसऱ्यातला, बाळाचा पाचव्यातला. फोटोत सगळं घराणं एकाच वेळी कॅमेऱ्याकडं बघून हसतंय. असा क्षण आमच्या घराण्याच्या इतिहासात आलेला नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्यापासून तर नाहीच नाही.

लग्नाच्या फोटोग्राफरला मात्र या सगळ्याची गरज पडत नाही, त्यानं काळावर केव्हाच ताबा मिळवलाय. मुहूर्त बारा वाजून सत्तावीस मिनिटांचा. पंचांगात बघून काढलेला, दोन्हीकडच्या गुरुजींनी घासाघीस करून ठरवलेला. बारा सत्तावीसला अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते, वधू हार घालते. तेवढ्यात आवाज येतो, "मॅडम, हार काढा. परत घाला. हळू घाला. सर, तुम्ही मान थोडी खाली. गुरुजी, तुम्ही जरा बाजूला." गुरुजी बाजूला होतात. हार परत घातला जातो, तो बारा एकेचाळीसला. अल्बममध्ये जन्मभर राहणार तो हा दुसरा हार. खऱ्या मुहूर्ताचा हार पाहिला फक्त पुढं घुसलेल्या पाच कॅमेरामननी, कारण बाकीच्यांना त्यांच्या पाठी दिसत होत्या. हल्ली तर हळद लागायच्या महिनाभर आधीच नवरा-नवरी समुद्रकिनारी धावतात, एकमेकांना उचलून गरगर फिरवतात, आणि ते फोटो कार्यालयाच्या दारात मोठे करून लावतात. काळाचं सोडा, उचलण्याचं म्हणाल तर ते लग्नानंतर होत नाही, म्हणून आधीच उरकून घेत असावेत.

त्याच्याही अलीकडचा टप्पा स्थळांच्या फोटोंचा. पत्रिकेबरोबर फोटो आला की घरातली एक जाणती बाई तो घेऊन खिडकीशी जाते. चेहरा ती नंतर बघते. आधी बघते मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातला टीव्ही, टीपॉयवरचा फोन. आमच्या मावशीनं एक फोटो असा उजेडात धरला आणि म्हणाली, "मुलगा देखणा आहे, पण मागं डबा टीव्ही आहे, त्यावर क्रोशाचं कव्हर. हा मुलगा आता चाळिशीला आलेला असणार." आला होता. पत्रिका मंगळाची असली तर शांत करता येते, टीव्हीचं काही करता येत नाही.

मुलींकडच्यांना एवढी पारख करावी लागते, मतदारांना तेही करायला नको. चौकातल्या फ्लेक्सवरचे आमचे साहेब मी कॉलेजात होतो तेव्हा जसे होते तसेच आजही आहेत. तोच भरगच्च भांग, तोच बाहेर काढलेला हात. मधल्या काळात कार्यकर्त्यांच्या दोन पिढ्या झाल्या, भोवतालच्या गॉगलवाल्यांचे चेहरे बदलत गेले, साहेब जागचे हलले नाहीत. साहेब प्रत्यक्ष गावात येतात तेव्हा लोक त्यांच्यामागं चालणाऱ्या चिरंजीवांना आधी हार घालतात, फ्लेक्सशी त्यांचाच चेहरा जुळतो म्हणून. निवडणूक आयोगाला हे ठाऊक असावं. २०१५ पासून आयोगानं मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सुरुवात केली, एका नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करून मतदाराला चकवायचा आपला जुना खेळ मोडायला. फोटो मागच्या तीन महिन्यांतला हवा, अशी अट घातली. २०२५ मध्ये बिहारपासून तो रंगीत केला आणि चेहऱ्यानं फोटोची तीन चतुर्थांश जागा व्यापली पाहिजे असंही सांगितलं. तेव्हा आपल्या नेत्याचा खरा वर्तमानकाळ ज्यांना बघायचा असेल त्यांनी मतदानाला अवश्य जावं. पाच वर्षांत तेवढी एकच संधी असते.

एकूण, फोटोला स्वतःचा असा काळ नसतोच, असं माझं मत होत चाललंय. समोरच्याला जो हवा तो त्याच्यावर चढवता येतो. नेत्याला मागचा हवा, नवरदेवाला पुढचा हवा, आणि सरकारला कायम आत्ताचा हवा. सरकारची ही भूक तर अलीकडं फार वाढली आहे. घरकुलाचा पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, शाळेत पोरांनी हात धुतले की फोटो, आणि प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. आमच्याकडच्या एका वृक्षारोपणाचे ओळीनं तीन पावसाळ्यांचे फोटो मी पाहिलेत. तारखा वेगळ्या, पाहुणे वेगळे, रोप दरवर्षी नवं. अक्षांश-रेखांश मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. उपग्रहानं एवढंच सिद्ध केलं की खड्डा तोच आहे.

रोजगार हमीच्या कामांवर तर मजुरांची हजेरीच फोटोनं लागते, ॲपवर, दिवसातून दोनदा. २०२३ च्या जानेवारीपासून ती देशभर सक्तीची झाली. आणि २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की काही ठिकाणी प्रत्यक्ष माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जातेय. मी ही बातमी काकांना वाचून दाखवली. त्यांना गैर काही वाटलं नाही. म्हणाले, "आमच्या पाटीवर होतंच की ते. जुन्या फोटोवरून नवा. आम्ही पैसे घ्यायचो, एवढाच फरक." सरांना मात्र फार आनंद झाला. काल काम केलेल्या मजुराचा फोटो, त्या फोटोचा आज काढलेला फोटो, त्यावर आजची तारीख. त्यांनी तिथंच शेंगदाण्याच्या पुडीवर आकृती काढायला घेतली.

भिंतीवरच्या फोटोंची गोष्ट वेगळी. घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी फोटोची शोधाशोध सुरू होते. हजार फोटो असतात आणि लावण्याजोगा एक नसतो. एकात ती पोळ्या लाटतेय, एकात पाठमोरी, एकात डोळे मिटलेले, एकात बरोबर आहे पण हातात शिंकायचा रुमाल. फ्रेंच लेखक रोलां बार्थनं आई गेल्यावर असेच तिचे फोटो धुंडाळले होते. एकातही त्याला ती सापडेना. शेवटी सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत, जेव्हा तो स्वतः जन्मलाही नव्हता. १९८० साली आलेल्या फोटोग्राफीवरच्या आपल्या पुस्तकात त्यानं त्या फोटोविषयी पानंच्या पानं लिहिली, पण तो फोटो काही छापला नाही. तुम्हाला त्यात काही दिसणार नाही, म्हणाला. खरंय. आमच्या घरात आजीचा जो फोटो आहे तो कुणाच्या तरी बारशातल्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला. तिच्या डाव्या खांद्यावर एक बांगड्या भरलेला हात आहे. तो कुणाचा, यावर आजवर एकमत झालेलं नाही. दर वर्षी श्राद्धाला हार आजीबरोबर त्या हातालाही पडतो.

आता राहिला नोव्हेंबर. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, साहेबांनी वर मान करून बघायचं, झालं. माणूस समोर उभा असला की तो जिवंत आहे एवढं त्या काळी बँकेला पटायचं. २०१४ पासून हे 'जीवन प्रमाण'वर गेलं, अंगठा लावून. पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. माणूस हयात, अंगठा नाही. म्हणून २०२१ मध्ये चेहरा दाखवायची सोय आली. आणि इथं सरकारनं आमच्या कट्ट्यावरचा सगळा वाद एका फटक्यात निकालात काढला. नुसता चेहरा चालत नाही. फोनसमोर डोळे मिचकवावे लागतात. फोटोतला माणूस डोळे मिचकवत नाही. जो मिचकवतो तो हयात.

आमच्या शेजारचे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. काकांच्या काळ्या फडक्यासमोर वाढलेली पिढी. फोन समोर धरल्याबरोबर त्यांनी सवयीनं पाठ ताठ केली, हनुवटी खाली घेतली, श्वास धरला आणि डोळे असे काही ताणून उघडले की पापणी लवण्याची शक्यताच उरली नाही. ॲप वाट बघत राहिलं. "आजोबा, डोळे मिचकवा," नातू ओरडला. आजोबा ओठ न हलवता म्हणाले, "फोटो बिघडेल." पुन्हा केलं. या वेळी त्यांनी मिटले ते उघडेचनात. मग आजी मागून म्हणाल्या, "अहो, मला पाहायला आला होतात तेव्हा सगळ्यांसमोर मिचकवला होतात, आता काय होतंय?" आजोबा दचकले, पापण्या फडफडल्या, आणि ॲपनं ते जिवंत असल्याचं मान्य केलं.

नातवानं त्या झटापटीत दुसऱ्या फोनवर आठवण म्हणून एक फोटो काढून ठेवला होता. तो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आजोबांचं झालं एकदाचं.' फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले, मान किंचित कलती, मागं देव्हाऱ्याची समई. नागपूरच्या चुलत्यांनी पाचव्या मिनिटाला 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्यांच्याखाली ओळीनं हात जोडलेले. कुणी 'देवमाणूस गेला', कुणी 'निघतोय, रात्रीची गाडी मिळाली'. पुण्याच्या भाचीनं तर त्यांच्या लग्नातला जुना फोटो शोधून तोही टाकला, कोटातला, मागं जिना आणि हंस.

नातू घाईघाईनं खुलासा लिहायला लागला तर आजोबांनी त्याचा हात धरला. चष्मा पुसून त्यांनी सगळे मेसेज पहिल्यापासून सावकाश वाचले, दोन तर परत वाचले, आणि फोन आजींकडं देत म्हणाले, "धाकट्या जावईबापूंचं काही आलेलं दिसत नाही."